टाटा ४०७ चे इंजिन गेले : जुने इंजिन आणून घरीच बसवावे का?

प्रश्न : डाळिंबवाला, आटपाडी

नमस्कार. माझ्याकडे २०१२ सालची टाटा ४०७ आहे. बीएस-३ (प्रदूषणाचे मानक), टर्बो असलेले ४९७ इंजिन, आणि मीटरवर ३ लाख ८० हजार किलोमीटर. घरच्या आणि वस्तीवरच्या चार-पाच बागायतदारांच्या डाळिंबासाठी मी व माझा धाकटा भाऊ ती चालवतो.

गेल्या महिन्यात पुण्याला गुलटेकडीच्या मार्केट यार्डात माल घेऊन जाताना जेजुरीच्या अलीकडे, दौंडजच्या खिंडीत गाडीचा दम तुटू लागला. बॉनेटमधून वाफ आली आणि भावाने गाडी कडेला घेईपर्यंत रेडिएटरचा वरचा होज फुटून सगळे पाणी रस्त्यावर गेले होते. तो तिथेच थांबला असता तर कदाचित हेड उतरवण्यावर निभावले असते. पण माल नाशवंत आणि पहाटेचा लिलाव गाठायचा, म्हणून त्याने होजला जुन्या ट्यूबची पट्टी आवळली, पाणी भरले आणि गाडी पुन्हा काढली. सासवडच्या अलीकडे इंजिनात हातोडी मारल्यासारखा आवाज सुरू झाला व दोन-तीन मिनिटांत मोठा धडाका होऊन गाडी बंद पडली. सेल्फच्या बाजूला ब्लॉकला मूठ जाईल एवढे भोक पडले असून त्यातून तुटलेला कनेक्टिंग रॉड दिसतो. टेंपरेचरचा काटा वर्षभरापासून बंद होता, हेही कबूल करतो.

गावातल्या मिस्त्रींनी नवे सुटे भाग घालून इंजिन उभे करण्याचा अंदाज सव्वा लाखाच्या पुढे सांगितला आहे. दुसरीकडे एका भंगार व्यापाऱ्याकडे ४०७ चेच निघालेले इंजिन ६५ हजारांना मिळते आहे. ते टर्बोचे नाही, पण 'सगळे तसेच्या तसे बसते' असे तो म्हणतो. भावाने दोन वर्षे गॅरेजमध्ये काम केलेले आहे. क्लच, गिअरबॉक्स, हेड हे त्याने स्वतः खोललेले आहे, मात्र पूर्ण इंजिन त्याने कधी उतरवलेले नाही. दारात शेड आहे आणि शेडबाहेर चिंचेचे जुने झाड आहे, ज्याच्या फांदीला चेन पुली टांगता येईल.

तेव्हा घरच्या घरी हे काम करण्यात शहाणपण आहे का, वापरलेले इंजिन घेताना काय पाहावे, आणि आरसी बुकावरचा इंजिन नंबर बदलणार असल्यामुळे आरटीओकडे काय करावे लागते, या तीन गोष्टींबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : जुना फिटर, इचलकरंजी

दादा, आपली हकीकत वाचली. होज फुटला म्हणून इंजिन गेले, असे आपल्या लिहिण्यावरून दिसते. मला मात्र क्रम उलटा वाटतो. चांगला होज पाणी उकळल्याशिवाय सहसा फुटत नाही. चढावर आधी दम तुटला, मग वाफ आली, मग होज गेला. म्हणजे इंजिन अगोदरपासूनच तापत होते आणि काटा बंद असल्यामुळे ते कोणाला कळले नाही. पुढचे सरळ आहे. तापलेल्या इंजिनात ऑइल पाण्यासारखे पातळ होते, बिग एंड बेअरिंगवरचा (रॉड क्रँकला जिथे जोडतो तिथल्या बेअरिंगवरचा) ऑइलचा पापुद्रा तुटतो, बेअरिंग क्रँकला चिकटून फिरते आणि रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. हे मी एवढ्यासाठी सांगतो की तापण्याचे मूळ कारण गाडीत जसेच्या तसे ठेवून तुम्ही दुसरे इंजिन बसवले, तर तेही त्याच खिंडीत त्याच रीतीने जाईल.

आधी रेडिएटर उतरवा. तो उभा धरून खालचे तोंड मोकळे ठेवा आणि वरच्या तोंडातून बादलीने भसाभस पाणी ओता. जेवढे ओतता तेवढे खालून धो-धो पडले पाहिजे. वरून उतू जाऊ लागले तर नळ्या क्षाराने बुजलेल्या आहेत. आपल्याकडे बोअरचे पाणी रेडिएटरमध्ये घालण्याची सवय घरोघरी आहे, आणि आटपाडी-जत भागात त्या पाण्याने घागरीला सुद्धा पांढरे पूट चढते. मग थर्मोस्टॅट व्हॉल्व (पाणी गरम झाल्यावर रेडिएटरची वाट उघडणारा) जागेवर आहे का ते पाहा. बऱ्याच ठिकाणी 'गाडी तापते' म्हटले की मिस्त्री तो काढूनच टाकतात. व्हॉल्व उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो नसला की गरम पाण्याचा मोठा वाटा रेडिएटरकडे न जाता बायपासमधूनच इंजिनात परत फिरतो, आणि भरल्या गाडीने चढ लागला की उष्णता बाहेर पडायला मार्ग उरत नाही. फॅन, बेल्ट, वॉटर बॉडी (पाण्याचा पंप) आणि रेडिएटरचे प्रेशर झाकण यांची तपासणी ओघाने आलीच.

आता इंजिनाविषयी. ४९७ म्हणजे ४ सिलिंडर आणि ९७ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा आतला व्यास). १०० मिलिमीटरचा स्ट्रोक (पिस्टनची धाव) धरला की २९५६ सीसी होतात. (मोठ्या ट्रकचे ६९७ हे याच हिशेबाचे सहा सिलिंडरचे भावंड.) नावातला आकडा सारखा असला म्हणून इंजिन सारखे होत नाही. बिनटर्बोच्या इंजिनात पिस्टन वेगळे, कॉम्प्रेशन रेशो वेगळा, डिझेल पंपाची सेटिंग वेगळी. त्यावर तुमचा टर्बो आणि तुमचा पंप चढवला तर काही महिने चालेल आणि मग पिस्टन वितळेल. तसेच बिनटर्बोचे ठेवले तर २०१२ च्या गाडीत कमी ताकदीचे आणि कागदाला न जुळणारे इंजिन येऊन बसेल. त्या व्यापाऱ्याचे 'सगळे तसेच्या तसे बसते' हे वाक्य फाउंडेशनच्या (इंजिन चेसिसवर बसवण्याच्या) बोल्टांपुरते खरे असू शकेल. उलट बाजूने, बीएस-४ च्या गाडीतले कॉमन रेल इंजिन कोणी स्वस्तात देऊ केले तरी घेऊ नका. त्याला ईसीयू (इंजिनाचा संगणक), सेन्सर आणि अख्खे वायरिंग लागते.

बघायला जाताना घाई दाखवू नका आणि रिकाम्या हाताने जाऊ नका. सगळ्यात उत्तम इंजिन ते, जे अजून गाडीत आहे आणि चालू करून दाखवता येते. थंड असताना ते किती वेळात लागते, ते पाहा. लागल्यावर ऑइल भरायचे झाकण काढा व ब्रीदरपाशी (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीपाशी) हात धरा; तिथून धुराचे भपके येत असतील, म्हणजे ज्याला आपण बॅक कॉम्प्रेशन म्हणतो ते असेल, तर रिंगा आणि बोअर संपलेले आहेत. नोझल काढून डिझेलचा कॉम्प्रेशन गेज लावता आला तर चारही सिलिंडरांचे आकडे लिहून घ्या. सुस्थितीतल्या इंजिनात ते साधारण २५ बारच्या वर असावेत; पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे चारी आकडे एकमेकांच्या जवळ असावेत. एक सिलिंडर तीन-चार बारने मागे असेल तर तिथे व्हॉल्व किंवा रिंगेचा दोष आहे.

इंजिन जमिनीवर काढून ठेवलेले असेल तर पुढच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून ते पूर्ण दोन फेरे फिरवा. कुठेही अडता कामा नये. डिपस्टिकवरचे ऑइल दुधाळ, कॉफीच्या रंगाचे असेल तर पाणी मिसळलेले आहे. ब्लॉकच्या बाजूच्या डमी (पाण्याच्या वाटांची बुचे) गंजून पाझरल्या आहेत का, हेड आणि ब्लॉकच्या सांध्यावर पाण्याचे ओघळ आहेत का, ते बॅटरीच्या उजेडात पाहा. आणि मुख्य म्हणजे चेंबर (इंजिनाच्या तळाचे ऑइलचे भांडे) उतरवायला सांगा. तळाच्या गाळात चमचमणारे कण किंवा पापुद्रे दिसले की तिथूनच परत फिरा. चेंबर उतरलाच आहे तर एक बिग एंड कॅप खोलून बेअरिंगच्या पाठीवरचा आकडा वाचा. मूळ मापाचे आहे, की ०.२५, ०.५०, ०.७५ मिलिमीटर घासलेल्या क्रँकचे आहे, ते तिथे ठोकलेले असते. क्रँक एकदा घासलेला असणे हा दोष नव्हे, पण शेवटच्या मापाला आलेला असेल तर पुढे त्यातून काही निघणार नाही, आणि त्या मानाने किंमत कमी झाली पाहिजे.

विकणारा चेंबर खोलू देत नसेल तर ते इंजिन त्याच्याकडेच राहू द्या.

उत्तर : मालवाहतूकदार, बार्शी

वरील उत्तर यंत्राच्या बाजूने परिपूर्ण आहे. मी कागदाच्या बाजूने लिहितो, कारण माझ्या स्वतःच्या एका गाडीत मी हा क्रम उलटा केला आणि पासिंगच्या वेळी तीन महिने गाडी उभी ठेवावी लागली. इंजिन आधी बसवले, नंतर अर्ज केला, आणि ज्याच्याकडून घेतले त्याच्या बिलावर इंजिन नंबरच लिहिलेला नव्हता.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनातील बदलांचा विषय आहे. आरसीवर नोंदलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल नोंदणी प्राधिकरणाच्या मंजुरीशिवाय करता येत नाही, आणि बदल झाल्यावर तो १४ दिवसांच्या आत कळवून आरसीवर नोंदवून घ्यावा लागतो. त्याच कलमात किमान दहा मालवाहू वा प्रवासी वाहने असलेल्या मालकांना, राज्य सरकारने अधिसूचनेद्वारे तशी मुभा दिल्यास, त्याच बनावटीचे व त्याच प्रकारचे इंजिन पूर्वमंजुरीशिवाय बदलता येण्याची तरतूद आहे. तुमच्यासारख्या एका गाडीच्या मालकाला ती लागू होत नाही. 'त्याच बनावटीचे व त्याच प्रकारचे' हे शब्द मात्र लक्षात ठेवा, कारण कार्यालयातही सर्वप्रथम तेच पाहिले जाते. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर वित्त कंपनीची लेखी संमतीही लागते, ती आधीच मागवा.

आता इंजिन ज्या गाडीतून निघाले त्या गाडीचे कागद. तिच्या आरसीची प्रत, आणि ती गाडी मोडीत काढलेली असेल तर नोंदणी रद्द झाल्याचा कागद मागा. कलम ५५ प्रमाणे नष्ट झालेल्या किंवा कायमची निकामी झालेल्या गाडीची माहिती मालकाने कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची असते. बिलावर इंजिन नंबर, मूळ गाडीचा नंबर आणि विकणाऱ्याची सही असली पाहिजे. पैसे देण्यापूर्वी तो इंजिन नंबर एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) 'वाहन समन्वय' या सेवेवर टाकून बघावा. चोरीला गेलेल्या व पोलिसांनी जप्त केलेल्या वाहनांची नोंद तिथे इंजिन आणि चेसिस नंबरावरून तपासता येते. ब्लॉकवरचा नंबर घासलेला, पुन्हा ठोकलेला किंवा नुकताच रंग मारून झाकलेला दिसला तर फुकट मिळाले तरी उचलू नका. चोरीच्या गाडीचे इंजिन तुमच्या दारात सापडले तर 'मला माहीत नव्हते' हे सिद्ध करण्यात वर्षे जातात.

मंजुरी मिळाल्यावर इंजिन बसवा, नंबरचा पेन्सिलने छाप घेऊन ठेवा, गाडी निरीक्षकांना दाखवा आणि नवी आरसी हातात आल्यावर विमा कंपनीकडूनही पॉलिसीवर नवा इंजिन नंबर चढवून घ्या. हे शेवटचे काम बहुतेक जण विसरतात आणि अपघाताचा दावा करताना आठवते. तुमची गाडी आठ वर्षांपुढची असल्याने तिचे पासिंग दर वर्षी होते, त्यामुळे न कळवता बदललेले इंजिन फार तर वर्षभर लपेल.

डाळिंबवाला, आटपाडी

दोघांचेही मनापासून आभार. रेडिएटरची परीक्षा सांगितल्याप्रमाणे केली. निम्मी बादली ओतताच पाणी वरून उतू गेले. वरची टाकी उघडून घेतली तेव्हा नळ्यांच्या तोंडांवर चुनखडीसारखा टणक थर होता; दोन ओळी तर पूर्ण बंद. आम्ही बारा वर्षे बागेच्या बोअरचेच पाणी घालत आलो, त्यात लपवण्यासारखे काही नाही. व्हॉल्वच्या जागी नुसते पॅकिंग सापडले. तो कोणी व कधी काढला, ते घरात कोणालाच आठवत नाही.

भंगार व्यापाऱ्याने चेंबर खोलू देण्यास नकार दिला, म्हणून तो विषय संपवला. त्यानंतर विट्याजवळ एका ओळखीच्यांकडे २०१३ ची टर्बो ४०७ सापडली आहे. तिला मागून धडक बसून चेसिस वाकली, विमा कंपनीने ती पूर्ण नुकसानीत काढली, आणि नोंदणी रद्द करण्याची प्रक्रिया सुरू आहे. इंजिन जागेवर चालू करून दाखवले. ब्रीदरला धूर नाही. भावाने गेज मिळवून कॉम्प्रेशन घेतले : २७, २६, २७ आणि २५ बार. चेंबरमध्ये काळा गाळ होता पण धातूचे कण नव्हते, बेअरिंग मूळ मापाचे आहे. ८० हजार सांगत आहेत. मंजुरीचा अर्ज केला आहे.

हे इंजिन तसेच बसवावे की एकदा पूर्ण खोलून घ्यावे? आणि चिंचेच्या फांदीबद्दल कोणीच काही लिहिले नाही.

उत्तर : लेथवाला, कोल्हापूर

मी उद्यमनगरात क्रँक ग्राइंडिंग आणि बोअरिंगचे काम करतो, त्यामुळे माझे मत धंद्यापोटी आहे असे कोणी म्हटले तरी मला राग येणार नाही. माझ्या मते इंजिन बाहेर आहे तोवर ते खोलून घ्यावे. मेन आणि बिग एंड बेअरिंगचे संच, रिंगा, हेडचे पॅकिंग आणि मागचे ऑइल सील एवढे तरी नवे घालावे. गाडीत बसवल्यानंतर यातले एकही काम करायचे म्हटले की पुन्हा तीच उतरवाउतरव, तोच खर्च, आणि हंगामात गाडी उभी. माझ्याकडे 'छान चालत होते' म्हणून बसवलेली आणि सहा महिन्यांत परत आलेली इंजिने दर पंधरवड्याला एखादे तरी येतेच.

रिंगा बदलताना बोअरला होनिंग (आतून बारीक घासणे) करावेच लागते, नुसत्या नव्या रिंगा जुन्या गुळगुळीत बोअरमध्ये बसत नाहीत. हेड तर मी सपाटपट्टी आणि फीलर गेज लावून तपासल्याशिवाय परत देतच नाही.

उत्तर : जुना फिटर, इचलकरंजी

कोल्हापूरकरांचा मान राखून मी असहमती नोंदवतो. २५ ते २७ बार असलेल्या, धूर न देणाऱ्या इंजिनाच्या रिंगा आपापल्या बोअरमध्ये बसलेल्या असतात; त्या हलवल्या की होनिंग आले, नव्याने बसणे आले, आणि घरच्या शेडमधल्या धुळीत एखादा कण आत राहण्याचा धोका आला. मी वरची बाजू उघडणार नाही. चेंबर खाली असताना बिग एंडचे आणि मेनचे बेअरिंग मात्र पाहून, शंका आल्यास त्याच मापाचे नवे घालीन, मागचे ऑइल सील नक्की बदलीन, आणि वॉटर बॉडी, बेल्ट, सगळे होज, थर्मोस्टॅट, डिझेल व ऑइल फिल्टर, क्लच प्लेट व पायलट बेअरिंग नवे घालीन. आमच्या दोघांपैकी कोण बरोबर, ते तुमच्या भावाने हातातले इंजिन पाहून ठरवावे.

दोन गोष्टींवर मात्र वाद नको. पहिली : जुन्या इंजिनाचा ऑइल कूलर, ऑइलच्या नळ्या आणि टर्बो या नव्या इंजिनाला लावू नका. रॉड तुटला तेव्हा बेअरिंगचा चुरा ऑइलबरोबर सगळीकडे फिरला आहे. कूलरच्या आतल्या कप्प्यांतून तो कितीही धुतला तरी पूर्ण निघत नाही, आणि पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये नव्या बेअरिंगवर येऊन पोहोचतो. विट्याच्या इंजिनाबरोबर त्याचाच कूलर आणि त्याचाच टर्बो घ्या, वेगळे पैसे पडले तरी. दुसरी : रेडिएटरचा गाभाच नवा करून घ्या आणि यापुढे त्यात तयार कूलंट घाला. बोअरचे पाणी बागेला राहू द्या.

आता चिंच. मी तरुणपणी अशाच एका फांदीला इंजिन टांगलेले पाहिले आहे. फांदी मांडीएवढी जाड, वरून हिरवीगार, आतून मात्र पोखरलेली. इंजिन बंपरच्या पुढे आले आणि फांदी खोडापासून सुटली. खाली माणूस नव्हता, हे नशीब. पण इंजिनाचा चेंबर, पुली आणि एक फाउंडेशन ब्रॅकेट गेले. झाडावर भार टाकू नका. जाड पाइपांची तिपाई भाड्याने मिळते, तिचे पाय एकमेकांना साखळीने बांधा म्हणजे ते फाकणार नाहीत, खाली सिमेंटचा कोबा नसेल तर पायांखाली फळ्या ठेवा, आणि एक टनाच्या खालची चेन पुली वापरू नका. शेडच्या पत्र्याच्या कैच्यांनाही टांगू नका, त्या फक्त पत्र्याच्या वजनासाठी केलेल्या असतात. गावात जेसीबी मिळत असेल तर जुने इंजिन बाहेर ओढण्यासाठी तो चालेल; नवे बसवण्यासाठी नाही, कारण तिथे एकेक मिलिमीटर सरकवावे लागते आणि जेसीबीचा चालक कितीही तरबेज असला तरी त्याच्या हातात ते नसते. इंजिन हवेत असताना कोणाचाही हात वा पाय त्याच्या खाली जाता कामा नये, मग पाना पडला तरी तो पडू द्या.

उतरवण्यापूर्वी बॅटरी सोडा, प्रत्येक वायर आणि नळीला चिकटपट्टी लावून नंबर घाला, आणि मोबाइलवर फोटो काढा. दोन वर्षे गॅरेजमध्ये काढलेल्या माणसालाही आठवड्यानंतर कोणती वायर कुठली ते आठवत नाही. समोरची जाळी, रेडिएटर काढून वाट मोकळी करा. गिअरबॉक्स जागेवर ठेवणार असाल तर त्याच्या खाली जॅक आणि लाकडी ठोकळा हवाच. क्लच प्लेट मध्यभागी आणण्यासाठी भंगारातला एखादा जुना गिअरबॉक्स शाफ्ट मिळवा. त्याशिवाय शाफ्ट आत जाणार नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात अर्धा इंच फट राहिली आणि ती बोल्ट आवळून मिटवण्याचा मोह झाला, तर तिथेच हात आवरा. काहीतरी सरळ रेषेत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. बोल्टने ओढले तर क्लच प्लेटचा गाभा वाकेल किंवा बेल हाउसिंगचा कान तुटेल. इंजिनाचा भार शाफ्टवर एक क्षणही टांगता ठेवू नका.

पहिल्यांदा सुरू करताना सर्वांत जास्त घाई होते, म्हणून हे सविस्तर सांगतो. १५डब्ल्यू-४० ऑइल भरा, नवा ऑइल फिल्टर ऑइलने भरूनच लावा. स्टॉप केबल ओढून धरा, किंवा सोलेनॉइड असल्यास त्याची वायर काढा, आणि दहा-दहा सेकंद सेल्फ मारून इंजिन फिरवा. ऑइलचा दिवा विझेपर्यंत डिझेल द्यायचे नाही. मग डिझेल फिल्टरचा स्क्रू सैल करून हँड प्रायमर मारा व फेस जाऊन निखळ डिझेल आले की आवळा. शेवटी नोझलच्या नळ्यांचे नट सैल करून सेल्फवर हवा काढा. त्या नळीपाशी बोट धरून 'डिझेल येते का' हे कधीही बघू नका. त्या दाबाचे डिझेल कातडी भेदून आत जाते आणि बाहेर टोचल्याएवढीच खूण दिसली तरी बोट कापायची वेळ येऊ शकते.

आणखी एक. कित्येक महिने उभ्या असलेल्या इंजिनाच्या डिझेल पंपातला रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी पट्टी) चिकटून बसण्याची शक्यता असते. तसे झाले तर इंजिन लागताक्षणी बेफाम वेग घेते आणि चावी बंद करूनही थांबत नाही. एअर क्लीनरचा पाइप सोडून ठेवा, जवळ सपाट जाड फळी ठेवा आणि गरज पडल्यास ती हवेच्या तोंडावर दाबून इंजिन गुदमरवा. हाताचा पंजा लावू नका, आणि घरातल्या पोरांना त्या दिवशी शेडमध्ये येऊ देऊ नका.

डाळिंबवाला, आटपाडी

मंजुरीला तीन आठवडे लागले, तेवढ्यात रेडिएटरचा गाभा बदलून आणला. इंजिन ७६ हजारांना ठरले, टर्बो आणि ऑइल कूलर त्यातच. बेअरिंग भावाने खोलून पाहिले, दोन बिग एंडवर रेघा होत्या, म्हणून चारीही नवे घातले; रिंगांना हात लावला नाही. तिपाई आटपाडीतच मिळाली. इंजिन उतरवायला एक दिवस गेला, बसवायला तीन, कारण शाफ्ट दोन वेळा अडला आणि दोन्ही वेळा क्लच प्लेट किंचित खाली उतरलेली निघाली. काल संध्याकाळी इंजिन लागले. फळीची गरज पडली नाही, पण ती हातात धरून आमचे वडील शेवटपर्यंत उभे होते.

टेंपरेचरचा काटा नवा बसवला आहे. रिकामी गाडी दिघंचीपर्यंत नेऊन आणली, काटा मध्याच्या खालीच राहिला. सोमवारी निरीक्षकांना गाडी दाखवायची आहे. एकच शंका उरली आहे : इंजिन चांगले गरम झाल्यावर, आयडलिंगला ऑइलचा दिवा मधूनच लुकलुकतो आणि जरा अॅक्सिलरेटर दिला की विझतो. हे बेअरिंगचे काही आहे का?

उत्तर : जुना फिटर, इचलकरंजी

असेलच असे नाही, पण अंदाजाने गाडी चालवू नका. दिव्याचा स्विच काढून त्या जागी हातगेज लावा आणि गरम इंजिनाचा आयडलिंगचा दाब बघा. गेज एक बारच्या वर स्थिर दाखवत असेल आणि दिवा तरीही लुकलुकत असेल तर स्विच जुना झाला आहे, तो बदला. गेजही खाली येत असेल तर चेंबर पुन्हा उतरवून आधी ऑइल पंपाची जाळी आणि तिच्या नळीचे पॅकिंग तपासा. चेंबर बसवताना ते पॅकिंग चिमटले जाते आणि पंप हवा ओढतो. तोपर्यंत माल भरू नका. वडिलांना नमस्कार सांगा.